डेलियाची लागवड आणि कंदांची राखण

झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल ही फुले शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहेत. डेलिया हे त्यांच्याच कुळातील फुलझाड होय. सुपारीएवढ्या गोल गेंदापासून तो जेवणाच्या ताटलीएवढ्या फुलापर्यंत त्याचे अनेक आकार आहेत. पांढरा, पिवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा, गडद लाल असे नाना रंग त्यात आढळतात. खरा निळा रंग तेवढा नाही. या फुलास सुवासही नाही. तथापि हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात फुललेला डेलियाचा वाफा एकदा पाहिला, की आपल्याही परसात तो असावा असे कोणासही वाटते.

डेलिया वाढविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्याचे कंद एका हिवाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत जिवंत ठेवणे. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी उत्तम फुले येतात, लोक कौतुक करतात. आणि पुढील वर्षी त्या जागी काहीच नसते. कंद उन्हाळ्यात वाळून गेलेले असतात किंवा पावसाळ्यात कुजलेले असतात. मग पुन्हा पैसे खर्चून कंद आणावे लागतात, आणि दोन-तीन वेळा असे झाले म्हणजे कुटुंब या झाडाचा नाद सोडते. म्हणून या लेखात लागवडीची माहिती तर दिली आहेच, पण कंदांच्या राखणीकडे विशेष लक्ष पुरविले आहे.

मूळ स्थान व इतिहास

डेलियाचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ पठारे होय. स्पेनच्या राजाने पाठविलेला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ हा १५७१ ते १५७७ या काळात मेक्सिकोत होता. तेथील वनस्पतींविषयी त्याने जे लिहून ठेवले, त्यात या झाडाचे वर्णन आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोतून स्पेनमधील माद्रिद येथील राजोद्यानात बी पाठविण्यात आले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस याने १७९१ साली या झाडास स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस डाल याचे नाव दिले. डाल हा थोर शास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य. तो १७८९ सालीच निवर्तला होता. डालच्या नावावरून 'डालिया', आणि आपल्याकडे रूढ झालेला शब्द 'डेलिया'. १९६३ साली मेक्सिको देशाने डेलियास राष्ट्रीय फूल म्हणून मान दिला.

हा इतिहास केवळ माहितीसाठी सांगितलेला नाही. झाड कोठून आले हे कळले म्हणजे त्यास काय हवे हे कळते. मेक्सिकोच्या पठारावर पावसाळ्यात हवा सौम्य असते व रात्री थंड असतात. डेलिया त्या पावसात वाढतो, पावसाच्या अखेरीस फुलतो, आणि नंतर येणाऱ्या कोरड्या व थंड ऋतूत त्याचा कंद जमिनीत विश्रांती घेतो. आपल्याकडे क्रम उलटा होतो. डेलियास मानवणारी थंड रात्र आपणास हिवाळ्यात मिळते, म्हणून तो आपण हिवाळ्यात फुलवितो. परिणामी त्याच्या कंदाची विश्रांती आपल्या कडक उन्हाळ्यात व दमट पावसाळ्यात येऊन पडते. ज्या कंदास कोरडी व थंड विश्रांती हवी, त्यास आपण प्रथम उष्णता व नंतर ओल देतो. आपल्याकडे कंद टिकत नाहीत याचे मूळ कारण हेच होय.

झाडाची रचना

डेलियाचे खोड जाड, रसाळ व आतून पोकळ असते. मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या भाषेत या झाडास असलेल्या एका नावाचा अर्थ 'पाण्याची नळी' असा सांगतात. खोडाची ही पोकळी कंद काढताना ध्यानात ठेवावयाची आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

जमिनीखाली खोडाच्या तळाशी रताळ्यासारखे कंद झुबक्याने लागतात. येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. बटाट्याच्या अंगावर सर्वत्र डोळे असतात, म्हणून बटाट्याची कोणतीही डोळा असलेली फोड उगवते. डेलियाचा कंद हा वस्तुतः अन्न साठवून फुगलेले मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळे नसतात. डोळे असतात ते कंद जेथे खोडास जोडलेला असतो त्या मानेपाशी. मान तुटलेला किंवा मानेचा भाग सोबत नसलेला कंद कितीही टपोरा असला तरी उगवत नाही.

एका गावी एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने तीस कंद विकत आणले होते. ते स्वच्छ धुतलेले व दिसावयास सुबक होते. दीड महिना झाला तरी एकही उगवेना. शेवटी वाफा उकरून पाहिला तेव्हा कंद जसेच्या तसे होते, पण एकाच्याही मानेस खोडाचा अंश नव्हता. "भाऊसाहेब, कंद तर चांगले होते, मग माती वाईट म्हणायची का?" असे तो विचारीत होता. मातीचा काही दोष नव्हता. म्हणून कंद विकत घेताना त्यास जुन्या खोडाचा तुकडा लागलेला आहे व त्यावर डोळा किंवा कोंब दिसत आहे, याची खात्री करून घ्यावी. डोळा दिसत नसेल तर सुटे कंद न घेता पूर्ण झुबका घ्यावा.

प्रकार

फुलांच्या ठेवणीवरून डेलियाचे अनेक प्रकार पाडतात. त्यांपैकी पुढील प्रकार शेतकऱ्यांनी ओळखावेत.

१. एकेरी : मध्यभागी पिवळी चकती व भोवती पाकळ्यांची एकच ओळ. बियांपासून सहज येतात. मधमाश्या यांवर पुष्कळ येतात.

२. भरगच्च रुंद पाकळीचे : पाकळ्या सपाट व रुंद, मधली चकती दिसत नाही. प्रदर्शनातील मोठी फुले बहुधा या प्रकारची असतात.

३. निवडुंगी : पाकळ्यांच्या कडा मागे वळून सुरळी झालेल्या, टोकदार.

४. गेंदेदार : फूल चेंडूसारखे गोल. यातील अगदी लहान, सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंतच्या फुलांना पॉम्पॉन म्हणतात.

फुलांच्या व्यासावरून २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी ती राक्षसी, २० ते २५ सेंटिमीटर ती मोठी, १५ ते २० सेंटिमीटर ती मध्यम, १० ते १५ सेंटिमीटर ती लहान, आणि त्याखालील ती बारकी, असे वर्गीकरण करतात. नवशिक्याने लहान व गेंदेदार प्रकारांपासून प्रारंभ करावा. त्यांना आधार कमी लागतो, फुले अधिक येतात व हवामानातील चढउतार ती अधिक सोसतात.

हवामान व जागा

दिवसा ऊबदार ऊन आणि रात्री गारवा अशी हवा डेलियास मानवते. रात्री १२ ते १८ अंश सेल्सिअस तपमान असेल तर फुले मोठी व रंग गडद येतात. उन्हाळ्याची झळ लागताच फुले लहान होतात, पाकळ्या करपतात. धुके व कडाक्याची थंडी पडून दहिवर गोठले तर झाड काळे पडून मरते. आपल्याकडे हा प्रसंग क्वचितच येतो.

पुणे, नाशिक, सातारा या बाजूचा पठारी हिवाळा डेलियास चांगला मानवतो. विदर्भ व मराठवाड्यात रात्रीचा गारवा पुरेसा असतो, परंतु ऊन लवकर तापू लागते. तेथे लागवडीस उशीर करू नये. कोकण किनाऱ्यावर रात्री फारशा थंड होत नाहीत. तेथे मोठ्या फुलांचा हट्ट न धरता एकेरी व लहान फुलांचे प्रकार कुंडीत लावावेत. घाटमाथ्यावर पाऊस पूर्ण उघडल्याखेरीज कंद जमिनीत घालू नयेत.

जागा अशी निवडावी की जेथे दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल, आणि दुपारनंतर किंचित सावली असल्यास उत्तम. मोठ्या झाडाखाली डेलिया लावू नये. तेथे सावलीमुळे रोप उंच व अशक्त वाढते आणि मोठ्या झाडाची मुळे खत ओढून घेतात. वाऱ्याच्या झोतातील जागाही टाळावी. खोड पोकळ असल्याने ते सहज मोडते.

जमीन व खत

पाण्याचा निचरा होणारी पोयट्याची जमीन उत्तम. भारी काळ्या जमिनीत डेलिया लावावयाचा झाल्यास एक वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत व मातीत वाळू आणि भरपूर कुजलेले खत मिसळावे. मुरमाड जमिनीत खताचे प्रमाण वाढवावे. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. तेथे कुंडीत लागवड करणे बरे.

लागवडीपूर्वी पंधरा-वीस दिवस जमीन ३० ते ४० सेंटिमीटर खोल खणून उन्हात तापू द्यावी. नंतर दर चौरस मीटरास ५ ते ६ किलो चांगले कुजलेले शेणखत, सुमारे १०० ग्रॅम हाडांचा चुरा व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. हाडांचा चुरा न मिळाल्यास ५० ग्रॅम सुपर फॉस्फेट द्यावे. ताजे शेण कदापि घालू नये. त्याच्या उष्णतेने कंद कुजतात आणि हुमणीचा उपद्रव वाढतो.

युरियासारखे नत्रखत जपून वापरावे. नत्र अधिक झाले म्हणजे झाड हिरवेगार व उंच होते, पाहणाऱ्यास आनंद होतो; परंतु फुले उशिरा व थोडी येतात. शिवाय अशा झाडाचे कंद पाणचट होऊन साठवणीत लवकर सडतात. नत्राच्या लोभाने पुढील वर्षाचे बियाणे गमावले जाते, हे ध्यानात ठेवावे.

कुंडीसाठी २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची मातीची कुंडी घ्यावी. दोन भाग पोयटा माती, दोन भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व एक भाग वाळू असे मिश्रण करून त्यात मूठभर हाडांचा चुरा घालावा. कुंडीच्या छिद्रावर खापराचे तुकडे ठेवण्यास विसरू नये.

अभिवृद्धी

डेलियाची रोपे तीन रीतींनी तयार करता येतात.

बियांपासून : सप्टेंबर महिन्यात परडीत किंवा गादीवाफ्यावर बी पातळ पेरावे व चाळलेल्या खताने झाकावे. आठ-दहा दिवसांत ते उगवते. रोपास चार पाने आली म्हणजे लावणी करावी. ही रीत स्वस्त आहे. पण बियांपासून आलेले झाड आईसारखेच निघेल याचा भरवसा नसतो. डेलियाच्या जाती अनेक संकरांतून निर्माण झालेल्या असल्याने त्यांच्या संततीत रंग व आकार बदलतात. सुंदर लाल फुलाचे बी पेरले तरी पोटी निराळ्याच रंगाची फुले येऊ शकतात. जात शुद्ध राखावयाची तर कंद किंवा छाटकलम हाच मार्ग होय.

कंद फोडून : साठवलेले झुबके ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या प्रारंभी ओलसर वाळूत मान वर राहील असे ठेवावेत. पंधरा दिवसांच्या सुमारास मानेशी कोंब दिसू लागतात. कोंब दिसल्यावरच धारदार, स्वच्छ चाकूने झुबका फोडावा. प्रत्येक भागास किमान एक निरोगी कंद, मानेचा तुकडा व एक कोंब असावा. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी किंवा चाळलेली कोरडी राख लावून एक दिवस सावलीत सुकू द्यावे. एका चांगल्या झुबक्याचे सामान्यतः तीन ते पाच भाग होतात.

छाटकलमाने : कंदास फुटलेले कोंब ७ ते १० सेंटिमीटर लांब झाले म्हणजे पानाच्या पेराखाली कापून घ्यावेत. खालची पाने काढून कोंब ओलसर वाळूत दोन पेरे गाडतील असे लावावेत. सावलीत ठेवून झारीने हलके पाणी द्यावे. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. एक कोंब कापला म्हणजे त्याच मानेस पुन्हा नवे कोंब येतात. त्यामुळे थोड्या कंदांपासून पुष्कळ रोपे करण्यास ही रीत सर्वांत सोयीची आहे. कलमापासून कुंडीत वाढविलेल्या झाडाचे कंद लहान व घट्ट असतात आणि ते साठवणीतही चांगले टिकतात.

लागवड, आधार व पाणी

पठारी भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी. लागवडीपासून दहा-बारा आठवड्यांत फुले येतात. म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत, थंडी असेपर्यंत, झाड फुलत राहते.

उंच व मोठ्या फुलांच्या जाती ७५ ते ९० सेंटिमीटर अंतरावर, मध्यम जाती ६० सेंटिमीटर अंतरावर आणि ठेंगण्या जाती ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. कंद १० सेंटिमीटरच्या सुमारास खोल, आडवा व कोंब वर राहील असा ठेवावा. आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. झाड मोठे झाल्यावर काठी ठोकली तर ती अंधारात कंदात घुसते, जखम होते व तेथून कूज सुरू होते. काठीस झाड बांधताना सुतळीचा आठच्या आकड्यासारखा सैल फास घालावा.

लावलेला कंद उगवेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी. अंकुर दिसण्यापूर्वी रोज पाणी घातल्यानेच बहुतेक कंद जमिनीत सडतात. रोप हातभर वाढल्यावर मात्र पाण्याची हयगय करू नये. हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांनी व भारी जमिनीत आठवड्याने, पण खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. कळ्या आल्यावर ताण पडू देऊ नये. पाणी मुळाशी द्यावे. उमललेल्या फुलांवर शिंपडू नये. माती थंड राहण्यासाठी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडास भिडू देऊ नये.

कळ्या दिसू लागल्यापासून दर दहा दिवसांनी पातळ केलेले शेणपाणी प्रत्येक झाडास लिटरभर द्यावे. एक भाग शेण दहा भाग पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, गाळून, चहाच्या रंगाइतके पातळ करावे. फुले उमलू लागल्यावर हे बंद करावे.

शेंडा खुडणे व कळ्या विरळणे

रोपास पानांच्या चार जोड्या आल्यावर शेंडा खुडावा. त्यामुळे बगलेतून फांद्या फुटतात व झाड भरते. मोठ्या फुलांच्या जातीवर तीन ते पाच फांद्याच राखाव्यात. लहान फुलांच्या जातीवर आठ-दहा राखण्यास हरकत नाही.

फांदीच्या टोकास बहुधा तीन कळ्या एकत्र येतात. मोठे फूल हवे असल्यास मधली कळी ठेवून बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. परसातील शोभेसाठी किंवा हारासाठी लावलेल्या लहान जातींच्या कळ्या विरळण्याची गरज नाही. सुकलेली फुले मात्र सर्वच जातींवरून वरचेवर काढावीत. फूल झाडावर राहून बी धरू लागले, की नव्या कळ्या कमी होतात.

कीड व रोग

मावा : कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो व विषाणुरोग पसरवितो, म्हणून तो दिसताच बंदोबस्त करावा. पाण्याचा जोराचा फवारा मारावा. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून एक लिटर द्राव करावा व त्यात थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावा.

लाल कोळी : जानेवारीनंतर हवा तापू लागली म्हणजे पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी दिसतात, पाने तांबूस व निस्तेज होतात. पानांच्या खालून पाणी मारल्याने ते कमी होतात. उपद्रव वाढल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरास २ ग्रॅम घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. कडक उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात.

भुरी : पानांवर पांढरे पीठ टाकल्यासारखे दिसते. दाट झाडीत व थंड हवेत रोग वाढतो. खालची पाने काढून हवा खेळती ठेवावी व वरीलप्रमाणे गंधक वापरावे.

कूज व मर : झाड अकस्मात कोमेजते, खोडाचा तळ काळा पडतो. याचे कारण बहुधा साचलेले पाणी असते. असे झाड मातीसकट काढावे व त्या जागी पुन्हा डेलिया लावू नये.

विषाणुरोग : पानांच्या शिरांलगत फिकट पिवळे पट्टे उमटतात, पाने आकसतात, झाड खुजे राहते व फुले बारीक येतात. या रोगावर औषध नाही. रोगी झाडाचा कंद व त्यापासून घेतलेले प्रत्येक कलम रोगीच निघते. म्हणून असे झाड कंदासह उपटून जाळावे व चाकू साबणाने धुवावा.

हे सांगणे सोपे, करणे कठीण. एका घरी सासूबाईंनी माहेरून आणलेला जुना डेलिया होता. त्यावर हा रोग स्पष्ट दिसत होता, पण फुले येत होती. झाड काढण्याचा सल्ला त्यांना पटेना. "फुलतंय तोवर जिवंत झाड कसं उपटायचं?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्या भावनेत गैर काहीच नव्हते. दुसऱ्या वर्षी शेजारचे सात झाड आजारी पडले. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच सर्व वाफा काढला आणि दुसऱ्या जागी नवी लागवड केली. एका झाडाची माया पुष्कळ झाडांस भोवू शकते. अशा वेळी कार्यकर्त्याने आज्ञा करू नये. रोगी व निरोगी पान शेजारी ठेवून दाखवावे आणि नवा कंद देऊ करावा.

जुन्या पुस्तकांत डेलियावर बी.एच.सी. भुकटी टाकण्याची शिफारस आढळते. या औषधावर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे. घरात जुना साठा सापडल्यास तो वापरू नये.

फुले काढणे व विक्री

डेलियाची कळी खुडल्यानंतर पाण्यात उमलत नाही. म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेले फूलच काढावे. भल्या सकाळी लांब देठासह कापून लगेच पाण्यात ठेवावे. देठाचे टोक काही वेळ कडकडीत गरम पाण्यात बुडवून नंतर थंड पाण्यात ठेवल्यास फूल अधिक टिकते. तरीही चार-पाच दिवसांपलीकडे ते ताजे राहत नाही आणि दूरच्या प्रवासात पाकळ्या दुखावतात. सबब, दूरच्या बाजारासाठी डेलियाची शेती करण्याचा सल्ला देता येत नाही. जवळ शहर किंवा यात्रेचे ठिकाण असेल तर फुलांस गिऱ्हाईक मिळते. त्याहूनही खात्रीचे उत्पन्न फुललेल्या कुंड्या, मुळे फुटलेली कलमे व खात्रीचे कंद यांच्या विक्रीचे आहे. मात्र त्यासाठी स्वतःजवळ कंदांचा निरोगी साठा पाहिजे.

एक साधा हिशेब पाहा. पहिल्या वर्षी वीस झाडे लावली. त्यांतील पंधरा झुबके राखता आले व प्रत्येकाचे तीनच भाग झाले, तरी दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस झाडे होतात. कलमे घेतल्यास याहून अधिक. आणि झुबके राखता आले नाहीत तर दुसऱ्या वर्षी झाडांची संख्या शून्य. सर्व फायदा-तोटा या राखणीवर अवलंबून आहे.

कंद काढणे व राखणे

फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा पाणी हळूहळू कमी करून बंद करावे. झाड हिरवे असतानाच घाईने उपटू नये. अखेरच्या दिवसांत कंदात अन्न भरत असते. फुले असतानाच प्रत्येक झाडास रंगाची व जातीची चिठ्ठी बांधून ठेवावी, कारण कंद पाहून रंग ओळखता येत नाही.

पाने सुकल्यावर खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. खोडापासून ३० सेंटिमीटर अंतरावर चोहोबाजूंनी माती सैल करून झुबका खालून उचलावा. खोडास धरून ओढल्यास माना तुटतात व तुटलेल्या मानेचा कंद निरुपयोगी होतो. माती हलक्या हाताने झटकावी.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. खोड पोकळ असल्याने कापलेल्या नळीत पाणी राहते. ते पाणी मानेपर्यंत उतरते आणि ज्या ठिकाणी डोळे आहेत नेमकी तीच जागा कुजते. म्हणून झुबके चार-पाच दिवस सावलीत, हवेशीर जागी, खोड खाली व कंद वर असे उलटे ठेवावेत. नळीतील सर्व पाणी निथळून जाते. नंतर जखमी व मऊ कंद कापून टाकावेत आणि कापलेल्या भागास गंधक किंवा राख लावावी.

साठवणीसाठी मातीचे मोठे मडके किंवा जुनी कुंडी घ्यावी. तळाशी कोरड्या वाळूचा थर, त्यावर एकमेकांस न लागतील असे झुबके, पुन्हा वाळू, अशी रचना करून वर गोणपाट टाकावे. मडके घराच्या उत्तरेकडील, थंड व हवेशीर खोलीत विटांवर ठेवावे. पत्र्याच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा धान्याच्या बंद कोठीत ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नये. या लेखकाने एका वर्षी गडद लाल फुलांचे बारा झुबके वेळेअभावी पिशवीत बांधून ठेवले होते. मृगाच्या सुमारास पिशवी सोडली तेव्हा आत केवळ दुर्गंधीयुक्त लगदा उरला होता आणि ती जात पुन्हा मिळाली नाही.

कुंडीतील झाडांचे कंद उकरण्याची गरज नाही. खोड कापावे, पाणी बंद करावे व कुंडी सावलीत, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी आडवी करून ठेवावी.

दर पंधरा दिवसांनी साठा उघडून पाहावा. कंद सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा अगदी हलका हात मारावा. मऊ पडला असेल तर पांढरा, निरोगी भाग लागेपर्यंत कापून राख लावावी. पूर्ण सडलेला झुबका ताबडतोब दूर करावा. जून-जुलैत हवेतील ओलाव्याने काही कंद फुटू लागतात. त्यांना दडपून ठेवू नये. कुंडीत लावून पडवीत किंवा वळचणीच्या आत, पावसाच्या माऱ्यापासून दूर वाढू द्यावे. हीच मातृरोपे सप्टेंबरात कलमांस उपयोगी पडतात.

आणखी एक उपाय सर्वांत सोपा आहे. चांगल्या जातीचे सर्व कंद एकाच घरी ठेवू नयेत. थोडे शेजारी, थोडे नातलगांकडे ठेवावेत. एका घरचे गेले तरी दुसऱ्या घरचे राहतात आणि जात गावात टिकते.

वर्षाच्या कामाचे टाचण

ऑगस्ट-सप्टेंबर : कंद जागे करणे, कलमे घेणे, वाफे तयार करणे.
ऑक्टोबर : लागवड, काठ्या रोवणे.
नोव्हेंबर : शेंडा खुडणे, खुरपणी, आधार बांधणे.
डिसेंबर-फेब्रुवारी : शेणपाणी, कळ्या विरळणे, फुले काढणे, चिठ्ठ्या बांधणे, रोगी झाडे काढणे.
मार्च : पाणी तोडणे, कंद काढणे, उलटे सुकविणे.
एप्रिल-जुलै : पंधरवड्याची तपासणी, फुटलेल्या कंदांची मातृरोपे करणे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या पाठाचे प्रात्यक्षिक दोन वेळा घ्यावे. एक मार्च महिन्यात कंद काढताना आणि दुसरे सप्टेंबरात झुबका फोडताना. पहिल्या प्रात्यक्षिकात खोडाची पोकळ नळी उभी चिरून दाखवावी. दुसऱ्यात मान असलेला एक कंद व मान नसलेला एक कंद शेजारी-शेजारी लावून महिनाभराने सर्वांस दाखवावा. शाळेच्या बागेत हा प्रयोग मुलांकडून करविल्यास तो घरोघर पोहोचतो. प्रथम वर्षी कोणासही वीस-पंचवीस झाडांपेक्षा अधिक लावण्याचा आग्रह करू नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. बटाट्याची फोड उगवते, पण डेलियाचा मानेविना कंद उगवत नाही, असे का?
२. मेक्सिकोतील ऋतुक्रम व आपला ऋतुक्रम यांतील फरकाचा कंदावर कोणता परिणाम होतो?
३. काढलेले झुबके उलटे का ठेवावेत?
४. नत्रखत अधिक दिल्याने या वर्षी व पुढील वर्षी कोणते नुकसान होते?
५. विषाणुरोग झालेले झाड फुलत असले तरी का काढावे?

ज्या घरी मार्चमध्ये काढलेला कंद सप्टेंबरात टणक व डोळस निघेल, त्या घरी डेलिया कायमचा राहावयास आला असे समजावे. फुले हिवाळ्यात येतात; पण त्यांची खरी मेहनत उन्हाळ्यात व पावसाळ्यात, वाफा रिकामा असताना, करावयाची असते.